गाडी गेली, कर्ज उरले

(जांभूळ येथे रिक्षा व टेंपोचालकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



व्याख्यानाचा आरंभ सभेच्या चालकांचे आभार मानून करण्याची रीत आहे. मी तो एका कबुलीने करणार आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. पैसा आणि बँकव्यवहार हा माझा आवडता विषय. असे असूनही २०२२ साली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दूरध्वनी करून मला सांगितले की, "सर, तीन हप्ते थकले म्हणून गाडी ओढून नेली," तेव्हा मी त्याला म्हणालो, "झाले ते वाईट झाले. पण गाडी गेली म्हणजे निदान कर्जाची कटकट तरी मिटली." हा सल्ला साफ चुकीचा होता. त्याने तो मानला. त्यानंतर घरी आलेले तीन लिफाफे त्याने न फोडता फळीवर ठेवून दिले, कारण प्रकरण मिटले असे सरांनीच सांगितले होते. चौथा कागद न्यायालयाच्या बेलिफाने आणून दिला. दोन लाख पंधरा हजार रुपये आणि त्यावरील व्याज येणे असल्याचा लवादाचा निवाडा, आणि त्याच्या वसुलीसाठी केलेली दरखास्त, असा तो कागद होता. जामीनदार म्हणून त्याच्या मामाचेही नाव त्यात होते.

गाडी गेली आणि कर्ज उरले. हे 'उरलेले कर्ज' कोठून उत्पन्न होते, आणि ते खरोखर उरलेले असते काय, एवढाच माझा आजचा विषय आहे.

तुमच्या गावात उल्हास नदीचे पाणी उचलले जाते, औद्योगिक विकास महामंडळाच्या केंद्रात शुद्ध होते आणि नळांतून कारखान्यांकडे व शहरांकडे जाते. पाणी नळाने जाते, माल नळाने जात नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतून आणि उल्हासनगरच्या बाजारपेठेतून जो माल बाहेर पडतो, तो तुमच्यासारख्यांच्या टेंपोंतून बाहेर पडतो. ज्यांचे वडील गिरणीत किंवा कारखान्यात कायम नोकर होते, अशी कितीतरी मुले आज स्वतःच्या वाहनाची 'मालक' आहेत. आम्ही तरुणपणी सभांतून म्हणत असू की, उत्पादनाची साधने श्रमिकांच्या मालकीची झाली पाहिजेत. आता टेंपो श्रमिकाच्या नावावर आहे, आणि त्याच आरसी बुकात त्याच्या नावाखाली धनकोचे नाव आहे. तुम्ही त्याला 'एचपी' म्हणता, कायद्याच्या मराठीत त्याला नजरगहाण म्हणतात. वस्तू ऋणकोच्या ताब्यात, पण नजर धनकोची. शब्द मोठा अचूक आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या कागदांकडे वळतो. त्याची ओळख पटू नये म्हणून मी आकडे पूर्ण संख्येत घेतले आहेत, प्रमाण मात्र तेच ठेवले आहे. गाडीची किंमत ५ लाख ८० हजार. एक लाख रुपये त्याने पदरचे भरले, ४ लाख ८० हजारांचे कर्ज घेतले. व्याज 'फक्त दहा टक्के' असे त्याला सांगण्यात आले. चार वर्षांचे व्याज १ लाख ९२ हजार, एकूण परतफेड ६ लाख ७२ हजार, म्हणजे दरमहा १४,००० चे ४८ हप्ते.

हे दहा टक्के 'फ्लॅट' आहेत. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, पण व्याज मात्र चारही वर्षे पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हा दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास पडतो. मी हा हिशेब माझ्या विद्यार्थ्यांकडून वर्गात फळ्यावर करवून घेत असे. हाही त्या वर्गात होता. तरी सही करताना तो दहाच टक्के समजला, कारण सही करणाऱ्याच्या हातात फळा-खडू नसतो आणि समोर गाडीची किल्ली असते.

त्याने २६ हप्ते वेळेवर भरले. पुढे ज्या कारखान्याचा माल तो वाहत असे त्याच्या फेऱ्या कमी झाल्या, तीन हप्ते चुकले, आणि एके दिवशी सकाळी माल भरलेला नसताना रस्त्यातच त्याला थांबवून गाडी नेण्यात आली. त्या दिवशीपर्यंत त्याने पदरचे एक लाख धरून ४ लाख ६४ हजार रुपये घातले होते. गाडी पुढे १ लाख ४५ हजारांना विकली गेली. कोणास, कोठे, कोणत्या दिवशी, हे त्याला कोणी कळविले नाही, निदान त्या तीन लिफाफ्यांत तरी ते नव्हते. मी ते नंतर फोडून पाहिले.

आता निवाड्यातील हिशेब पाहा. उरलेले २२ हप्ते, म्हणजे ३ लाख ८ हजार. त्यात विलंबाचा दंड, हप्ता न वटल्याचे आकार, ओढून नेणाऱ्यांचा मेहनताना आणि यार्डाचे भाडे मिळून ५२ हजार. एकूण ३ लाख ६० हजार. त्यातून विक्रीचे १ लाख ४५ हजार वजा. उरले २ लाख १५ हजार. बेरीज-वजाबाकीत कोठेही चूक नाही. म्हणूनच हा हिशेब न्यायालयात सहज पार होतो.

पण मांडणी कोणी केली हे विचारा. २२ हप्त्यांपैकी थकलेले तीनच होते, उरलेले एकोणीस अजून यायचे होते. त्या एकोणीस महिन्यांचे व्याज त्या हप्त्यांच्या पोटात आहे. धनकोने कर्ज आजच मागे घेतले, गाडी विकून पैसा आजच हाती घेतला आणि तो दुसऱ्याला पुन्हा व्याजाने दिला, तर त्याच पैशाचे पुढील व्याज पहिल्याकडून कसे घेता येईल? २६ हप्त्यांनंतर खरे मुद्दल उरले होते २ लाख ६२ हजार. त्यावर तीन महिन्यांचे व्याज सुमारे १२ हजार. गाडी आणण्याचा व विकण्याचा वाजवी खर्च मी उदारपणे १५ हजार धरतो. झाले २ लाख ८९ हजार. त्या वेळी त्या बनावटीच्या, तितक्याच जुन्या, नीट ठेवलेल्या गाडीला आपल्याकडील दलाल २ लाख ४० हजार देत होते. मी तिघांना विचारले आणि सर्वांत कमी आकडा घेतला. म्हणजे खरोखर उरलेले कर्ज ४९ हजार. निवाडा २ लाख १५ हजारांचा. मधले १ लाख ६६ हजार रुपये हे कर्ज नव्हेच. त्यातील ३४ हजार न आलेल्या महिन्यांचे व्याज आहे, ३७ हजार फुगवलेले आकार आहेत आणि ९५ हजार ही स्वस्तात विकल्याची किंमत आहे.

शेवटच्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या मालकीची वस्तू विकताना माणूस चार ठिकाणी भाव काढतो, कारण पडलेल्या भावाचे नुकसान त्याचे स्वतःचे असते. येथे विकणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा. १ लाख ४५ हजार आले काय आणि २ लाख ४० हजार आले काय, धनकोचे येणे तेवढेच राहते, फरक ऋणकोच्या खात्यावर चढतो. यार्डात गाडी उन्हापावसात महिनोन्महिने उभी राहते, बॅटरी उतरते, टायर फुटतात, कधी सुटे भागही नाहीसे होतात, आणि या घसाऱ्याबरोबर उभे राहण्याचे भाडेही ऋणकोकडूनच घेतले जाते. ठरलेल्या चार व्यापाऱ्यांपुढे झालेल्या विक्रीला लिलाव म्हणायचे की नाही हा भाषेचा प्रश्न नाही. अर्थशास्त्रात बाजारभाव म्हणजे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही भावाची पर्वा असते तेव्हा ठरलेला भाव. येथे विकणाऱ्याला पर्वा असण्याचे कारणच उरलेले नाही.

यावर धनको जे उत्तर देतो ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पण पगाराची पावती नसलेल्या चालकाला बँकेने दारात उभे केले नाही. आम्ही केले. आमचे पैसे बुडतात, त्याचा धोका आम्ही पत्करतो, म्हणून आमचा दर चढा. ठीक आहे. पगारदार माणसाला घरच्या मोटारीसाठी जवळजवळ निम्म्या दराने कर्ज मिळते आणि टेंपोवाल्याला साडेसतरा टक्के पडतात, तर मधला फरक ही धोक्याची किंमत आहे असे मी मानतो. ती किंमत माझ्या विद्यार्थ्याने सव्वीस महिने भरली. धोका प्रत्यक्षात आला, तेव्हा मात्र त्याचा संपूर्ण भार पुन्हा त्याच्याच अंगावर टाकण्यात आला. विम्याचा हप्ता घ्यायचा आणि आग लागल्यावर भरपाई घर जळालेल्याकडूनच मागायची, असा हा व्यवहार आहे. आणि या धंद्यातला धोका आपल्या भागात काही पुस्तकी नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकून पडली, हे तुम्ही जवळून पाहिलेले आहे. हप्त्याच्या तारखेला पुराची सूट नसते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, फक्त बैलाच्या जागी टेंपो आला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना मुख्यतः खते आणि हुकूमनामे हवे होते, आणि ते हाती पडताच त्यांनी जाळले. दंगा वाईट खराच. पण चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्या कायद्यातील एक कल्पना मला आजही क्रांतिकारक वाटते. खतावर जो आकडा लिहिला आहे तो अंतिम मानायचा नाही. न्यायाधीशाने व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उकलायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, व्याजावर व्याज धरायचे नाही. सही केली आहे ना, मग भर, हे उत्तर पुरेसे नाही, असे परक्या सरकारच्या कायद्याने मान्य केले. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी १८८७ पासून काम केले. अर्थशास्त्र आणि न्यायदान ही एकाच माणसाने करावयाची कामे आहेत, असे त्या काळी समजत असत. आपल्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या लग्नगडी म्हणून राबत, तेथे हा प्रकाश कधी नीट पोचलाच नाही, हेही नमूद केले पाहिजे.

वाहनांपुरता असा कायदा स्वतंत्र भारतातही झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी आयोगाने १९६१ मध्ये भाडे-खरेदी पद्धतीवर अहवाल दिला. त्यानंतर १९७२ मध्ये संसदेने भाडे-खरेदी कायदा संमत केला. किमतीचा ठराविक मोठा हिस्सा भरला गेल्यावर न्यायालयात गेल्याशिवाय वस्तू परत ओढून नेता येणार नाही, असे त्यात होते. जप्तीच्या दिवशी वस्तूला जी वाजवी किंमत आली असती ती हिशेबात धरायची, आणि भरलेले हप्ते व ती किंमत मिळून एकूण किमतीहून अधिक झाली तर जादा रक्कम ऋणकोला परत करायची, असेही होते. म्हणजे आज आपण ज्यासाठी जमलो आहोत, तेच. १९७३ मध्ये तो अमलात आणण्याची तारीख जाहीर झाली, ती पुढे ढकलली गेली, आणि मग अधिसूचना मागेच घेण्यात आली. पुढे बत्तीस वर्षे तो कायदा पुस्तकात होता आणि देशात नव्हता. २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. जे कधी जन्मालाच आले नाही त्याची उत्तरक्रिया मात्र संसदेने विधिपूर्वक केली.

इंग्लंडमध्ये हीच लढाई एलेन विल्किन्सन या मजूर पक्षाच्या बाईंनी लढविली. बेकारांचा मोर्चा ज्या जॅरो गावातून १९३६ मध्ये लंडनकडे निघाला, त्याच जॅरोच्या त्या खासदार. त्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९३८ चा कायदा झाला. एकतृतीयांश रक्कम भरल्यावर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वस्तू नेता येणार नाही. १९७४ च्या तेथील कायद्याने हे संरक्षण चालू ठेवले आणि असे सांगितले की, या नियमाविरुद्ध वस्तू ओढून नेली तर करार संपला, ऋणको सर्व देण्यातून मुक्त, आणि त्याने भरलेले सारे पैसे परत. शिवाय निम्मी रक्कम भरून वस्तू सुस्थितीत परत केली की पुढील देणे सामान्यतः राहत नाही. तेवढ्याने इंग्लंडमधील हप्तेबंदीचा व्यापार बुडाला असे कोणी ऐकले आहे काय?

आपल्याकडे न्यायालयांनी काय केले? गाडी कशी नेली, याकडे त्यांचे लक्ष प्रामुख्याने गेले. वसुलीसाठी गुंड वापरण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या प्रकरणात निषिद्ध ठरविली. पुढील वर्षी शांतीदेवी शर्मा यांच्या प्रकरणात, वसुलीवाल्यांच्या जाचानंतर एका तरुणाने केलेल्या आत्महत्येच्या संदर्भात, पुन्हा ताकीद दिली. ताबा घ्यायचा तो कायदेशीर मार्गानेच, असे नंतरही बजावले. दुसऱ्या बाजूला, करारात तशी तरतूद असेल तर हप्ता थकल्यावर गाडी परत घेण्याचा धनकोचा हक्कही न्यायालयाने मान्य ठेवला, २००६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये. म्हणजे हक्क खरा, रीत सभ्य हवी. पण सभ्यपणे ओढून नेलेली गाडी मातीमोलाने विकली, तर सभ्यतेचा उपयोग काय?

वस्तुतः विक्रीबाबतही कायदा अगदी मुका नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७६ सांगते की, गहाण वस्तू विकण्यापूर्वी वाजवी पूर्वसूचना दिली पाहिजे. तूट आली तर ऋणको देणेकरी हे त्यात आहे, आणि जादा आले तर ते धनकोने परत द्यावे हेही त्याच कलमात आहे. तुमच्यापैकी कोणाला जादा आलेली रक्कम परत मिळाली आहे काय? हात वर करा. (कोणी हात वर केला नाही.) कलम ७४ म्हणते, करारात दंड कितीही लिहिलेला असो, मिळेल ती वाजवी भरपाईच. कलम १४१ म्हणते, तारण धनकोच्या हातून गमावले गेले, तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार सुटतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मामाला हे कलम कोणी वाचून दाखविले नव्हते. रिझर्व्ह बँकेनेही वित्त कंपन्यांना सांगितले आहे की, ताब्यापूर्वीची सूचना, विक्रीपूर्वीची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत ही करारातच लिहिलेली असली पाहिजे. दंडाच्या आकारावर पुन्हा व्याज चढवायचे नाही, असे २०२३ मध्ये तिने ठरविले. कागदावर हे सारे आहे. पण ते विचारावयाचे कोठे?

येथे लवादाचा प्रश्न येतो. कर्जाच्या छापील करारात बारीक अक्षरांत एक कलम असते की, वाद उत्पन्न झाल्यास धनको नेमील तो लवाद निर्णय देईल, आणि लवादाची जागा बहुधा चेन्नई किंवा अशीच एखादी दूरची. जांभूळचा टेंपोवाला, त्याची गाडी कल्याणच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली, तो हजार किलोमीटरहून लांबच्या तारखेला कसा हजर राहणार? तो हजर राहत नाही. एकतर्फी निवाडा होतो. निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ आहे, आणि ऋणकोची मालमत्ता जेथे असेल तेथील न्यायालयात थेट दरखास्त करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सुनावणी दूर आणि जप्ती मात्र दारात. निवाड्याला आव्हान द्यायचे तर तो मिळाल्यापासून तीन महिने, फार तर आणखी तीस दिवस. माझ्या विद्यार्थ्याचे ते दिवस फळीवरच्या लिफाफ्यात गेले, आणि त्याचा दोष मी माझ्याकडे घेतो.

तरीही दार पूर्ण बंद नाही. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने न्यायाधीश नेमू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने अशी एकतर्फी नेमणुकीची कलमे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. २०२३ मध्ये कलकत्ता व दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी अशा लवादांच्या निवाड्यांची अंमलबजावणी नाकारली, म्हणजे दरखास्तीच्या पायरीवरही हा आक्षेप त्यांनी ऐकला. आमच्या वकिलांनी तोच मुद्दा दिला आहे. निर्णय अद्याप व्हायचा आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक बोलत नाही.

दुसरे हत्यार कोऱ्या धनादेशाचे. कर्ज घेताना सह्या करून दिलेले धनादेश गाडी विकल्यावर संपूर्ण रकमेचे भरले जातात, आणि ते न वटल्याचा फौजदारी खटला होतो. यात माणूस सर्वांत जास्त घाबरतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आहे की, काही रक्कम फिटली असताना तिची नोंद न करता मूळच्या मोठ्या रकमेचा धनादेश वटविण्यास टाकला, तर तो त्या दिवशीच्या खऱ्या देण्याचा धनादेश ठरत नाही. गाडीची आलेली किंमत वजा केली होती की नव्हती, हे म्हणूनच आधी पाहावे. आणि निव्वळ दिवाणी देणे फेडता आले नाही म्हणून तुरुंगाची धमकी कोणी देत असेल, तर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात दिलेला निकाल आठवावा. ऐपत असून बुद्धिपुरस्सर न देणे वेगळे आणि दारिद्र्यामुळे देता न येणे वेगळे. दुसऱ्याबद्दल बंदिवास नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये हुकूमनाम्यासाठी जप्त करता येणार नाहीत अशा वस्तूंची यादी आहे. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल. १९०८ च्या कायदेकर्त्याला एवढे कळत होते की, सुताराचा रंधा नेला तर देणे फेडण्याचे साधनच गेले. चालकाचा रंधा म्हणजे त्याची गाडी. ती तारण आहे म्हणून या यादीचे संरक्षण तिला नाही, हे मी जाणतो, आणि ती कधीच परत घेऊ नये असेही मी म्हणत नाही. ती घेतल्यानंतर तिचे मोल नीट मोजले जावे, एवढीच मागणी आहे.

जुने संरक्षण आता का पोचत नाही, याचे एक कारण सांगितले पाहिजे. मुंबई सावकारी कायदा १९४६ चा, त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१४ मध्ये नवा केला. गावच्या सावकाराला परवाना लागतो, त्याच्या दराला मर्यादा आहे. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या कायद्यांसंबंधी दिला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेल. परिणाम मात्र असा की, राज्याच्या विधानसभेला तुमचे ऐकायचे असले तरी तिचे हात लांब पडत नाहीत. म्हणून मागणी दिल्लीकडेच गेली पाहिजे. १९७२ चा कायदा नजरगहाणाच्या कर्जांना लागू करून पुन्हा आणा. ज्याने स्वतः चालविण्यासाठी गाडी घेतली आणि अर्ध्याहून अधिक रक्कम भरली, त्याची गाडी न्यायालयाच्या हुकुमाशिवाय नेता कामा नये. तूट मागणाऱ्याने भाव वाजवी होता हे स्वतः सिद्ध करावे, आणि विक्रीची आगाऊ सूचना दिली नसेल तर तुटीचा दावाच चालू नये. न आलेल्या महिन्यांचे व्याज धरू नये. सुनावणी गाडी ज्या जिल्ह्यात नोंदली आहे त्याच जिल्ह्यात व्हावी. स्वतः चालवून पोट भरणारा रिक्षावाला हा कायद्याने ग्राहक आहे, व्यापारी नव्हे, हे १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. त्यामुळे ठाण्याच्या ग्राहक आयोगाचा दरवाजा आजही उघडा आहे. तो ठोठावणारे कमी आहेत.

आता माझे बोलणे पुरे. सभेनंतर मी येथेच बसणार आहे, आणि दोन वकील मित्रही थांबणार आहेत. ज्यांची गाडी गेली आहे त्यांच्यासाठी एका पत्राचा मसुदा मी करून आणला आहे. त्यात धनकोकडून इतकेच मागावयाचे आहे: मुद्दल, व्याज आणि आकार वेगळे दाखविणारा पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, ताबा घेण्यापूर्वी व विकण्यापूर्वी दिलेल्या सूचनांच्या प्रती, गाडीचे मूल्यांकन, विक्रीची तारीख, आलेल्या सर्व बोलींचे आकडे आणि घेणाऱ्याचे नाव. परिवहन कार्यालयाकडून आरसी बुकाबाबत नोंदणीकृत टपालाने काही आले असेल तर त्याला उत्तर न देता बसू नका, तेथेही म्हणणे मांडता येते. ज्यांच्या घरी न फोडलेले लिफाफे आहेत त्यांनी ते घेऊन यावे. आणि कागद काढून घेतल्यावर रिकामा लिफाफा टाकून देऊ नका, त्याच्यावरच्या टपाल-शिक्क्याची तारीख लागते.